मी लोताला दिलेलं नाव

रोह्याच्या बाजारात, जून महिन्यातल्या एका सकाळी, पंधरावीस माणसांसमोर मी एका रानभाजीला चुकीचं नाव दिलं. त्या नावामुळे ठमीबाई नावाच्या कातकरी बाईची बाजारात बसायची जागा गेली. चूक कळल्यावरही मी तीन वर्षं गप्प राहिलो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण संपादकांनी माझ्याकडे मागितलेला लेख निराळा आहे. ‘झाडांच्या लॅटिन नावांची गंमत लिहा, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं आवडतं,’ असं त्यांचं पत्र आलं. गंमत आहेच, आणि ती मी लिहिणारही आहे. पण ठमीबाईला गाळून लिहायला बसलो तेव्हा तीनदा कागद फाडावे लागले.

मी रोह्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. घर पेणला, रामवाडीत. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत. शिकवण्याखेरीज माझ्याकडे आमच्या विभागाचं हर्बेरियम आहे. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं दफ्तर. झाडाची फुलासकट फांदी आणायची, जुन्या वर्तमानपत्रांत दाबून वाळवायची, रोज कागद बदलायचे, मग जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायची आणि उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं. लेबलावर शास्त्रीय नाव, स्थानिक नाव, कुठे मिळालं, कधी मिळालं, कुणी आणलं. अशी साडेसातशेच्या वर झाडं आमच्या चार लोखंडी कपाटांत डांबराच्या गोळ्यांच्या वासात झोपलेली आहेत. पावसाळ्यात त्यांना बुरशी लागू नये म्हणून कपाटात बल्ब लावून ठेवावा लागतो. त्यावरून आमचे प्राचार्य मला ‘कोंबड्या उबवता का?’ असं दरवर्षी विचारतात.

आता नावांबद्दल. अडीचशे वर्षांपूर्वीपर्यंत युरोपात झाडाचं शास्त्रीय नाव म्हणजे एक अख्खं वाक्य असे. ‘अमुक आकाराच्या पानांचं, तमुक रंगाच्या फुलांचं, दगडांत उगवणारं’ असं. स्वीडनमधल्या एका प्राध्यापकाने, मुळात तो डॉक्टर होता, ही वाक्यं छाटून दोन शब्दांवर आणली. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या झाडाचा स्वतःचा. आडनाव आधी, नाव मागून, आपल्या मतदारयादीसारखं. वर्गात हे सांगितलं की मुलांना लगेच पटतं.

दुसऱ्या शब्दात खरी मजा. लाजाळूचं नाव मिमोसा पुडिका. पुडिका म्हणजे लाजरी. पळसाला मोनोस्पर्मा म्हणतात, कारण शेंगेत एकच बी. पिंपळाला रिलिजिओझा, म्हणजे त्या परक्या लोकांनाही आपण त्याला फेऱ्या घालतो हे ठाऊक होतं. पारिजातकाला त्यांनी ‘दुःखी झाड’ म्हटलं आहे, पहाटे फुलं टाकून देतं म्हणून. आमच्या एसटीचा एक कंडक्टर मला रोज एक नाव विचारायचा आणि तिकिटाच्या पाठीवर लिहून घ्यायचा. पुढे तो दारात अंग चोरून उभ्या राहणाऱ्या उतारूंना म्हणू लागला, ‘चला पुडिका, आत सरका.’ नागोठण्यापर्यंत सगळ्या गाडीला हा शब्द पाठ झाला होता.

लोक माझ्याकडे झाडं घेऊन येतात. गडबच्या बाजूचे एक आगरी गृहस्थ, मिठागरावर काम केलेले, एकदा पिशवीतून बांधावरची मोरस घेऊन आले. मोरस ही खाऱ्या जमिनीत उगवणारी, बारीक जाड पानांची भाजी. शिजवताना तिच्यात मीठ घालावं लागत नाही. त्यांना तिचं ‘कालेजातलं नाव’ हवं होतं. मी सांगितलं, स्वीडा मॅरिटिमा. अर्थ विचारला. मॅरिटिमा म्हणजे समुद्राकाठची.

‘म्हंजे खारवटातली,’ ते म्हणाले.

‘हो, तसंच.’

‘ते तर आम्हाला बी म्हाईत होतं. यवड्यासाठी तुमी शिकलाव?’

मी हसलो, पण ते मनात राहिलं. तीनशे वर्षांपूर्वी मलबारात एका डच अधिकाऱ्याने तिथल्या झाडांचे मोठमोठे ग्रंथ करवून घेतले. त्याने स्थानिक वैद्यांना विचारून नावं लिहिली. तीन तर कोकणी वैद्य होते. आणि त्यांची नावं, त्यांनी स्वतःच्या लिपीत लिहून दिलेल्या साक्षींसकट, ग्रंथात छापली. त्या ग्रंथातली कितीतरी मलयाळी नावं पुढे लॅटिनचा पोशाख घालून जगभर गेली. मी हे दरवर्षी वर्गात अभिमानाने सांगत आलो. आमच्या कपाटातल्या निम्म्या लेबलांवरचं स्थानिक नाव मला ठमीबाईने सांगितलेलं होतं. त्या लेबलांवर मी लिहिलं होतं, ‘स्थानिक माहितीनुसार’.

ठमीबाई रोह्याजवळच्या डोंगरातल्या एका कातकरीवाडीतली. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असावी, तिलाही नक्की ठाऊक नाही. भाजीगल्लीच्या तोंडाशी, एका कायम बंद असलेल्या दुकानाच्या पायरीखाली ती खताच्या गोणीवर बसायची. पावसाआधी करवंदं, मग शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी, पुढे करांदे. मी नवीन होतो तेव्हा तिच्या टोपलीतलं प्रत्येक पान उचलून ‘हे काय?’ विचारायचो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, ‘मास्तर, तू घेत काय नायस, नुसता वास घेतोस. आयतवारी वाडीवर ये, रानात दावते.’ त्यानंतरची सात वर्षं मी तिच्यामागे डोंगर चढलो. ती पुढे, अनवाणी. मी मागे, कागदांचा गठ्ठा सांभाळत. झाडाचं नाव ती कधी नुसतं सांगायची नाही. पान चुरगळून नाकाशी धरायला लावायची, साल खरवडून दाखवायची, कुठलं ढोर त्याला तोंड लावत नाही ते सांगायची. मला जे थोडंफार झाड कळतं ते तिच्यामुळे. पुस्तकांनी त्यावर लेबल लावायला शिकवलं.

शेवळं आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहेत. जूनच्या तोंडावर जमिनीतून वर येणारा तो जांभळट कोंब म्हणजे सुरणाच्या कुळातल्या एका झाडाचा फुलोरा. त्याचं शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस. पहिल्या शब्दाचा अर्थ मी वर्गात कधी सांगितला नाही. आमच्या सरांनीही आम्हाला सांगितला नव्हता. ‘पुढची ओळ घ्या’ म्हणाले होते. दुसऱ्या शब्दाचा अर्थ बदललेला, अदलाबदल झालेला. कुणातरी शास्त्रज्ञाची कशाशी तरी गल्लत झाली असावी आणि ती त्याने नावातच नोंदवून ठेवली असावी, असं मला आपलं वाटतं.

या कुळातल्या सगळ्या झाडांत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते घशात टोचतात, घसा खाजतो, सुजतोही. म्हणून शेवळं आंबट घालूनच शिजवायची. आपल्याकडे त्यासाठी काकडं घालतात. काकड हे रानातलं झाड, त्याची हिरवी आंबट फळं आवळ्याएवढी. शेवळं विकणारी बाई जुडीबरोबर मूठभर काकडं देतेच. मागावी लागत नाहीत. काकडं न देता शेवळं विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, असं ठमीबाईकडे मानतात.

शेवळाचं एक भावंड आहे, त्याला तिच्या वाडीत लोत म्हणतात. त्याचे पानाचे कोवळे कोंब खातात, तेही काकडं घालूनच. ते बाजारात कमी येतात, आणि मी ते तोवर पाहिलेही नव्हते, खाल्लेही नव्हते.

माझ्या कपाटात स्थानिक नावांची सूचीकार्डं असतात, त्यांत मात्र ‘लोत’ या नावाचं एक कार्ड होतं. ते पेणच्या बाजूचं. गागोदे बुद्रुकला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बांधावरचा ठिपक्याठिपक्यांचा कोंब दाखवून मला सांगितलं होतं, ‘ह्यो लोत. ढोर बी खात नाय.’ मी त्याचा कंद आणून कुंडीत लावला, फूल आल्यावर ओळख पटवली. तो निघाला सापकांदा. नागाच्या फण्यासारखं फूल येणारा, शास्त्रीय नावाने अरिसीमा, पोटात घेऊ नये असा. मी कार्डावर लिहिलं: लोत, म्हणजे सापकांदा, विषारी. एकाच नावाची दोन झाडं डोंगराच्या दोन अंगांना असू शकतात, ही वनस्पतिशास्त्राच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. लॅटिन नावं असतात ती नेमकी त्याचसाठी. माझी दोन झाडं, पेणचं आणि रोह्याचं, एकाच कार्डावर बसली आणि माझ्या ते लक्षात आलं नाही.

त्या जूनमध्ये सोलापूरकडून बदलून आलेल्या, कंपनीतल्या एका साहेबांच्या घरी लोताची भाजी झाली. जेवल्यावर सगळ्यांचे घसे धरले. साहेबांच्या आईची जीभ आणि घसा इतका सुजला की रात्र दवाखान्यात काढावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब उरलेले कोंब पिशवीत घालून बाजारात आले. मी एसटीतून उतरून कॉलेजकडे चाललो होतो. भाजीगल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली. ठमीबाई पायरीखाली उभी होती, साहेब तिच्या अंगावर ओरडत होते, आणि शेजारचे दोनतीन दुकानदार त्यांच्या बाजूने बोलत होते.

ठमीबाईने मला पाहिलं. तिचा चेहरा मोकळा झाला. ‘मास्तर आला,’ ती लोकांना म्हणाली. ‘आता मास्तर सांगंल.’

साहेबांनी पिशवी माझ्यासमोर धरली. आत चारपाच कोंब होते, आदल्या दिवशी तोडलेले, मऊ पडलेले, देठांवर ठिपके. मी विचारलं, हे काय म्हणून विकलं? साहेब म्हणाले, लोत.

आमच्या सरांनी आम्हाला एक नियम घालून दिला होता. हातात फूल नसेल तर तोंडातून नाव काढायचं नाही. ‘माहीत नाही’ म्हणायचं, घरी जायचं, पुस्तक उघडायचं. मी तो नियम शेकडो विद्यार्थ्यांना सांगितला आहे. पण त्या वेळी पंधरावीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि ‘लोत’ हा शब्द ऐकताच कपाटातलं कार्ड माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी पिशवीतल्या कोंबांकडे नीट पाहिलंच नाही. मी म्हणालो, ‘हे अरिसीमा आहे. विषारी असतं.’

एक दुकानदार म्हणाला, ‘ऐकलंत? प्रोफेसर सांगतायत.’

ठमीबाई माझ्याकडे बघत राहिली. ‘कोन सीमा?’ तिने विचारलं. ‘मी तर लोत आनलाय.’

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, सीमाला बोलवा. आणि मीही हसलो. फार नाही, ओठांच्या कोपऱ्यात, चारचौघांत हसतात तेवढं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त छळलं आहे ते त्या हसण्याने.

पुढचं झटपट झालं. तिची टोपली गटारात पालथी झाली. जोडीला शेवळं होती, तीही गेली. पलीकडे मासळीची पाटी घेऊन बसलेली आगरीण तिला म्हणाली, ‘उठ गो ठमे, मारतील.’ ती उठली, गोणीची घडी केली आणि निघाली. मला पहिल्या तासाला उशीर झाला होता. मीही निघालो.

आठवडाभराने गेलो तर पायरीखाली कुणी नव्हतं. त्या दुकानदारांनी तिला परत बसू दिलं नाही, आणि दिलं असतं तरी तिच्याकडून कुणी घेतलं नसतं. रानभाजीवर काही लिहिलेलं नसतं. माणूस विकणारीच्या तोंडाकडे बघून ती घेतो. तिच्या वाडीच्या दुसऱ्या बायांनाही लोक ‘ती विषवाली तुमच्यातलीच ना?’ असं विचारू लागले. तेव्हाही मला वाटत होतं की मी माझं काम केलं.

श्रावणात साहेबांनी मला घरी चहाला बोलावलं, आभार मानायला. आई बऱ्या होऊन झोपाळ्यावर बसल्या होत्या. साहेबांच्या पत्नींनी पोहे केले होते. बोलता बोलता त्या म्हणाल्या, ‘भाजी मी आमच्याकडच्या पद्धतीनेच केली होती हो, दाण्याचं कूट लावून. ती बाई तशी चांगली वाटली होती. आवळ्यासारखं काहीतरी मूठभर फुकट दिलं होतं तिने. काहीतरी सांगतही होती, पण तिची भाषा मला कळेना. मुलांनी त्याच्या गोट्या करून खेळून टाकल्या.’

माझ्या हातात पोह्यांची बशी होती. ठमीबाईने काकडं दिली होती. कशी शिजवायची तेही सांगितलं होतं. सापकांद्याबरोबर कुणी काकडं देत नाही.

मी पोहे संपवले. आभार स्वीकारले. साहेबांना काही बोललो नाही.

त्या रविवारी मी वाडीवर गेलो. ठमीबाई तिथे नव्हती. लेकीकडे गेली असं तिच्या दिराने सांगितलं. लोत कुठे मिळतो विचारल्यावर त्याने घरामागच्या उतारावर बोट केलं. एव्हाना कोंबांची मोठी पानं झाली होती. पहिल्याच पानाकडे पाहिल्यावर मला कळलं. सुरणाच्या कुळातलं पान आणि सापकांद्याचं पान यांत आमच्या अकरावीच्या मुलांचीसुद्धा गल्लत होणार नाही. हे शेवळाचंच भावंड होतं.

इथे माझी दुसरी चूक सुरू होते, आणि ती पहिलीपेक्षा वाईट आहे. मी स्वतःला म्हणालो, नुसत्या पानावरून नक्की म्हणता येत नाही. फूल यायला हवं. भर बाजारात नाव ठेवताना जो नियम मी मोडला होता, तोच नियम ते नाव मागे घ्यायची वेळ आल्यावर मी अगदी काटेकोरपणे पाळायचं ठरवलं. कंद उकरून आणला, गॅलरीत कुंडीत लावला आणि वाट पाहिली. पुढच्या जूनमध्ये नुसतं पान आलं. मला बरं वाटलं, आणखी एक वर्ष मिळालं म्हणून. त्याच्या पुढच्या वर्षी फूल आलं. या कुळातल्या फुलांना सडक्या मांसासारखा वास येतो, माश्या याव्यात म्हणून. बायकोने दिवसभर कपाटामागे मेलेला उंदीर शोधला. संध्याकाळी मी कुंडीकडे बोट दाखवलं.

‘अहो, हे घरात ठेवलंय तुम्ही? कशासाठी?’

‘कामाचं आहे,’ मी म्हणालो. त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. ऐकून ती एवढंच म्हणाली, ‘मग हे मला काय सांगताय?’

हर्बेरियममध्ये चूक दुरुस्त करायची एक रीत आहे. चुकीचं लेबल फाडायचं नसतं, खोडायचंही नसतं. त्याच्या वर एक छोटी चिठ्ठी चिकटवायची, तिच्यावर खरं नाव, दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख. जुनं चुकलेलं नाव खाली तसंच राहतं, पुढच्या माणसाला कोण कुठे चुकलं ते दिसावं म्हणून. मला ही रीत फार आवडते. जगात फार थोड्या धंद्यांत इतक्या सभ्यपणे चूक कबूल करतात. मी लोताची दोन स्वतंत्र कार्डं केली, चिठ्ठी चिकटवली, सही केली आणि कपाटाला कुलूप लावलं. ती चिठ्ठी वाचणारं जगात माझ्याशिवाय कुणीही नव्हतं.

ठमीबाई कुठे होती ते मला तोवर कळलं होतं. तिची लेक गडबजवळ दिली होती. हमरस्त्यावरच्या दुकानांच्या रांगेपलीकडे, एका टपरीच्या सावलीत, ती करवंदांचे द्रोण आणि जांभळं घेऊन बसायची. माझी एसटी रोज तिच्यासमोरून जायची. गडब आलं की मी मान खाली घालून पेपर वाचायचो. उन्हाळ्याचा अख्खा हंगाम मी असा वाचून काढला. पुढच्या वर्षी ती तिथेच होती, आणि मीही मान खाली घालूनच जात होतो.

शेवटी मे महिन्याच्या अखेरीस एका सकाळी मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितलं. फार विचार करून नाही. आदल्या दिवशी सुट्टीतल्या जादा तासाला मलबारच्या वैद्यांची गोष्ट सांगताना, त्यांची नावं ग्रंथात छापली हे वाक्य मी गाळून टाकलं होतं.

ठमीबाईने वर पाहिलं. ‘उतरलास एकदाचा,’ ती म्हणाली. ‘रोज मान खाली घालून जातोस. मला वाटलं, मानेला काय झालंय काय.’

मी तिच्यासमोर बसलो. काय बोलायचं ते ठरवून आलो नव्हतो. करवंदं घेतली, खाल्ली. शेवळं का नाही आणलीस, असं विचारलं. ती म्हणाली, ‘हितं गाड्यावाले येतात. एक मिनिट थांबतात. त्यांना काकडाचं कधी सांगू? एकाचा घसा धरला म्हंजे आनखी एक मास्तर येयाचा.’

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नाही, किंवा म्हटलंही असेल. तिला रानातल्या दीडशे भाज्यांचं ठाऊक होतं, आणि ती करवंदांचे द्रोण विकत होती.

मी म्हणालो, ‘ठमीबाई, त्या दिवशी तू विकलेला लोतच होता.’

‘व्हय. मी विकत होते ना. मला नाय ठावं काय विकते ते?’

‘मग तेव्हा बोलायचंस.’

‘बोल्ले की. लोक हसले.’ ती द्रोण सारखे करत राहिली. ‘तू बी हसलास.’

तिने ते पाहिलं होतं. मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, तिची क्षमा मागायला लागलो. तिने हाताने थांबवलं. ‘हितं बोलून काय उपेग? हितं मला कोन वळखतंय? जितं बोललास तितं बोल. पाऊस पडला, कोंब आले, की मी निरोप धाडते.’

मग तिने बाजूच्या फडक्यातून एक वेल काढली, निळसर फुलांची, आणि माझ्या हातात दिली. लेकीच्या घरामागे मिळाली, मला दाखवायला ठेवली होती. किती दिवस ठेवली होती कुणास ठाऊक. फुलं पार वाळली होती. मी तिला नाव सांगू शकलो नाही. घरी जाऊन पुस्तकात बघून सांगतो म्हणालो.

‘तसंच कर,’ ती म्हणाली.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिच्या जावयाने कॉलेजात निरोप आणला. मी हर्बेरियममधल्या दोन शीट, म्हणजे झाड चिकटवलेले कागद, बगलेत घेऊन गेलो, लोताची आणि सापकांद्याची, दोन्हींवर फुलं असलेल्या. ठमीबाई आधीच आली होती. बंद दुकानाच्या पायरीखाली गोणी अंथरून बसली होती. समोर लोताच्या जुड्या, शेवळं आणि काकडांचा ढीग. शेजारचा दुकानदार तिला उठ म्हणत होता. ती उठत नव्हती. मला बघून तो म्हणाला, ‘बघा सर, परत तेच विष घेऊन आली.’

लोक थांबू लागले. मी शीट उघडल्या आणि वर्गात बोलतो तसं बोलू लागलो. एकाच स्थानिक नावाच्या दोन वनस्पती कशा असतात, पेणच्या बाजूला काय म्हणतात, फुलाची रचना कशी वेगळी असते. लोक मागून विचारू लागले, सर काय म्हणतायत, कसलं प्रदर्शन आहे. मासळीवाली म्हणाली, ‘मास्तर, मराठीत बोला हो.’

मी शीट मिटल्या. मी म्हणालो, ‘तीन वर्षांपूर्वी या भाजीबद्दल थोडा गैरसमज झाला होता. माझ्याकडून चूक झाली...’

‘झाली नाय,’ ठमीबाई खाली बसूनच म्हणाली. ती माझ्याकडे बघतही नव्हती. जुडीची सुटलेली वाकाची दोरी बांधत होती. ‘केलीस.’

मग मी तिच्याकडे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘मी चूक केली. न बघता नाव सांगितलं. ठमीबाईने विकली ती खायची भाजी होती, काकडंही दिली होती. विष तिच्या टोपलीत नव्हतं. ते मला पहिल्याच श्रावणात कळलं होतं आणि मी तीन वर्षं तोंड उघडलं नाही. आणि त्या दिवशी तुम्ही हसलात तेव्हा मीही हसलो. ठमीबाई, मला माफ कर.’